पुस्तक अर्धं सोडलं तरी चालेल: बालपणीच्या छळाची आत्मकथनं कशी वाचावीत

प्रश्न विचारणाऱ्या ताई बँकेत नोकरी करतात, वय चाळिशीच्या आसपास. त्यांच्या वाचनगटाने एका अमेरिकन लेखिकेचं आत्मकथन निवडलं आहे, लहानपणी घरात झालेल्या छळातून बाहेर पडलेल्या मुलीचं. निम्मं वाचून झालं आणि त्यांची झोप उडाली. तरीही त्यांनी त्याच प्रकारची आणखी दोन पुस्तकं मागवली. त्यांचे प्रश्न असे: हे पुस्तक पुरं करावं का? एवढा त्रास होत असताना आणखी तसलंच वाचावंसं का वाटतं? ‘माझ्या बाबतीत एवढं काही झालं नव्हतं’, मग त्रास का व्हावा? आणि ‘जुनं उकरून काय मिळणार’ असं म्हणणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचं?

पहिल्या प्रश्नाला आढेवेढे नकोत. पुस्तक पुरं करायची गरज नाही. ताटात वाढलेलं टाकायचं नाही, तसं हाती घेतलेलं पुस्तक सोडायचं नाही अशी शिस्त आपल्यातल्या अनेकांना लागलेली असते, आणि अशा पुस्तकाचं ओझं तर आणखी वेगळं. ‘तिने भोगलं आणि मला साधं वाचवत नाही?’ हा अपराधीपणा मी कितीतरी वाचकांकडून ऐकला आहे. पण लेखिका ते भोगत होती तेव्हा तिला उठून जाता येत नव्हतं. तुम्हाला येतं. तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवरून वाटतं की लहानपणी तुम्हालाही कधीतरी उठून जाता आलं नव्हतं. तसं असेल तर नको वाटताच पुस्तक मिटणं, हे ते संपवण्यापेक्षा मला मोलाचं वाटतं.

आता झोपेबद्दल. आघातातून सावरण्यावर जुडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. आमच्या उपचारांच्या कामात आजही त्याचा आधार घेतला जातो. सावरण्याचे तीन टप्पे त्यांनी मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत मिसळणं. आत्मकथन लिहिणारी व्यक्ती बहुतेक वेळा दुसरा टप्पा पार करून आलेली असते. तिच्यामागे उपचारांची वर्षं असतात, संपादक असतो, चार मसुदे असतात. वाचणारी बाई पहिल्या टप्प्यावर असू शकते. तिने याआधी हे कुणापाशी बोललेलंच नसतं, घरात दोन मुलं झोपलेली असतात आणि रात्री अकरानंतरचा तेवढाच वेळ तिचा असतो. लेखिकेला जिथे पोचायला पंधरा-वीस वर्षं लागली, तिथे वाचक एका रात्रीत जाऊन आदळते. झोप उडाली ती त्याने. यात तुमचा कमकुवतपणा नाही, आणि पुस्तकही वाईट नाही.

म्हणून रात्री वाचू नका, अंथरुणात तर नकोच. दिवसा वाचा, खुर्चीत बसून, घरात कुणीतरी असताना. मोबाइलवर वाचत असाल तर छापील प्रत मिळवा. मिटता येणारी वस्तू हातात असलेली बरी. आणि वाचताना शरीराकडे लक्ष ठेवा. तीन पानं उलटली पण काय वाचलं ते आठवत नाही, हात गार पडलेत, जबडा आवळलाय, कुणी हाक मारली तर दुरून ऐकू आल्यासारखं वाटतंय: ही थांबायची खूण. पुस्तक मिटून पाय जमिनीला टेकवायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, गार पाणी प्यायचं, आजची तारीख आणि आपलं आजचं वय म्हणायचं. वाचायला बावळट वाटेल, पण आम्ही उपचाराच्या खोलीतही हेच करतो. एक खूण मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी मुलांवर विनाकारण वस्सकन ओरडणं, कुकरची शिट्टी झाली तरी दचकणं, हा आदल्या रात्रीच्या वाचनाचाच हिशेब असू शकतो.

यापुढचं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. अशा पुस्तकात वाचक अत्याचाराच्या पानांवर अडकतात. तीच पानं परत परत वाचतात. गटात चर्चा होते ती त्यांचीच, मागच्या कव्हरवर उतारा असतो तोही त्यांचाच. पण ज्यांनी लहानपणी काही सोसलं आहे त्यांच्या उपयोगाची पानं बहुधा दुसरीच असतात. मोठी माणसं त्या वेळी काय करत होती? कुणाच्या लक्षात आलं होतं? मुलाने सांगायचा प्रयत्न कसा केला, आणि सांगितल्यावर काय झालं? नंतरची वर्षं कशी गेली?

अमेरिकन लेखिका माया अँजेलो यांचं १९६९ चं ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ घ्या. सेंट लुइस शहरात, आठ वर्षांची असताना, आईच्या मित्राने तिच्यावर बलात्कार केला, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या घटनेची पानं मोजकी आहेत. त्याआधी तिने लिहिलंय की त्या माणसाने पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं, कारण तसं मायेने कुणी जवळ घेतलंच नव्हतं. माझ्याकडे आलेल्या कित्येक बायका, आणि पुरुषही, नेमके याच जागी थांबले आहेत. ‘मलाही जवळ घेतलेलं आवडायचं, म्हणजे माझीच चूक’ हे ओझं त्यांनी तीस-तीस वर्षं वाहिलेलं असतं. मूल मायेला भुकेलेलं असतं आणि समोरचा मोठा माणूस त्या भुकेचा फायदा घेतो, हे कुणी समजावून सांगितलं तर डोक्याला पटतं. आठ वर्षांच्या मुलीने ते जसं जगलं तसं वाचलं की आत कुठेतरी पोचतं.

पुढे ती मुलगी आपल्या भावाला, बेलीला, त्या माणसाचं नाव सांगते. खटला होतो. कोर्टात वकील विचारतो, त्याने याआधी कधी हात लावला होता का? ती घाबरून ‘नाही’ म्हणते, कारण खरं सांगितलं तर घरचे आपल्याला दोषी धरतील असं तिला वाटतं. त्या माणसाला शिक्षा होते एक वर्ष आणि एक दिवस. पण तो त्याच दिवशी सुटतो आणि लवकरच मेलेला सापडतो. मुलीला वाटतं, आपल्या बोलण्याने माणूस मेला. ती बोलणं बंद करते. भाऊ सोडला तर कुणाशीच बोलत नाही, आणि पुढे तिने सांगितल्याप्रमाणे हे मौन जवळजवळ पाच वर्षं टिकलं. आता घरच्यांकडे पाहा. सुरुवातीला ते समजून घेतात. डॉक्टरांनी बरी झाली म्हटल्यावर मात्र तिचं गप्प राहणं त्यांना उर्मटपणा वाटू लागतो आणि तिला मार बसतो. ही एक-दोन पानं मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगते. अत्याचाराने मूल बदलतं, आणि मग त्या बदलाचीच त्याला शिक्षा मिळते. अचानक गप्प झालेलं, अंथरूण ओलं करणारं, परीक्षेत नापास होऊ लागलेलं मूल आपल्याकडेही ‘बिघडलं’ म्हणून फटके खातं.

मग आजीच्या गावी, आर्कान्सामधल्या स्टॅम्प्समध्ये, मिसेस फ्लॉवर्स नावाच्या बाई भेटतात. त्या तिला ‘काय झालं होतं’ असं खोदून विचारत नाहीत. घरी बोलावतात, बिस्किटं आणि लिंबूसरबत देतात, डिकन्सची कादंबरी मोठ्याने वाचून दाखवतात आणि पुस्तकं घरी न्यायला देतात, ती मोठ्याने वाचायच्या अटीवर. उपचार या शब्दात बसेल असं त्या बाईंनी काहीच केलं नाही. पण पुस्तक वाचून झाल्यावर मी वाचकांना विचारते, तुमच्या आयुष्यात अशी कुणी होती का? पुष्कळदा उत्तर येतं आणि तेही आश्चर्याने: शेजारच्या काकू, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, गावाकडची आत्या. त्यांच्याबद्दल बोलताना लोक जास्त रडतात. छळ करणाऱ्याबद्दल बोलताना एवढं रडत नाहीत.

आजूबाजूची माणसं पाहायची ही सवय लागली की अगदी अंगावर येणारी पुस्तकंही वेगळी वाचता येतात. डेव्ह पेल्झर यांचं १९९५ चं ‘अ चाइल्ड कॉल्ड इट’ हे त्यातलं सगळ्यात खपलेलं. कॅलिफोर्नियातल्या एका घरात आईने एका मुलाला वेगळं काढून त्याचे केलेले हाल त्यात आहेत. सोसलेल्या माणसाच्या हाती पहिलं पुस्तक म्हणून मी ते देणार नाही. त्यात यातनांमागून यातना येतात आणि मधे श्वास घ्यायला जागा नाही. पण ५ मार्च १९७३ ला त्याची सुटका कुणी केली? शाळेतल्या माणसांनी. तिथल्या नर्सने त्याच्या अंगावरच्या खुणा पाहिल्या होत्या, शेवटी शाळेने पोलीस बोलावले. या कुटुंबातली पुढची गोष्ट तर मला आणखी महत्त्वाची वाटते. डेव्ह घरातून गेल्यावर आईचा रोख आपल्याकडे वळला, असं त्याच्या धाकट्या भावाने २००५ मध्ये स्वतःच्या पुस्तकात लिहिलं. लहानपणी आपणही आईच्या बाजूने डेव्हला त्रास दिला, हेही त्याने सांगितलं आहे. दुसऱ्या एका भावाने मात्र डेव्हचं पुस्तक अतिरंजित असल्याचं जाहीरपणे म्हटलं. एका छताखाली वाढलेल्या भावंडांचं बालपण एक नसतं. ‘माझ्या बहिणीला तर काहीच आठवत नाही, मग मीच वेडी का?’ असं विचारणाऱ्यांना मी या भावांची गोष्ट सांगते.

‘एवढं काही झालं नव्हतं’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. प्रकाशकाकडे हस्तलिखितं येतात त्यांतलं छापलं जातं ते बहुधा टोकाचं. २००० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये अशा पुस्तकांचा एवढा सुकाळ झाला की मोठ्या दुकानांत त्यांचे वेगळे विभाग होते, पांढऱ्या कव्हरवर मोठ्या डोळ्यांचं मूल. त्या मापाने स्वतःचं बालपण मोजायला गेलं की ते नेहमीच कमी भरतं. त्याऐवजी इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ पाहा. १९३९-४० मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या छापून आल्या १९७६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. त्यात सावत्रभावाने अगदी लहानपणी आपल्याला चाचपल्याचा प्रसंग आहे. मार नाही, धमकी नाही, सगळं मिळून एखादा परिच्छेद. पण आरशात पाहताना आयुष्यभर वाटत राहिलेल्या शरमेचा त्या शोध घेत होत्या, आणि तो घेताना त्यांना ही आठवण सापडली. घटना छोटी की मोठी यावर तिचा परिणाम ठरत नाही.

आकड्यांत बोलायचं तर १९९८ मध्ये अमेरिकेत, सॅन डिएगोमधल्या प्रौढ रुग्णांच्या बालपणावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मारहाण आणि लैंगिक अत्याचार होतेच, शिवाय सतत अपमान होणं, आईला मार बसताना पाहणं, घरात दारूचं व्यसन असणं हेही मोजलं होतं. यातल्या जितक्या प्रकारच्या गोष्टी बालपणात घडल्या, तितकं पुढच्या आयुष्यात आजारांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आपल्याकडे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. हे वाचून पुरुष वाचकांनाही एक गोष्ट कळावी, की अशा पुस्तकांत तुम्हालाही जागा आहे.

मारहाणीबद्दल आपल्याकडे प्रश्न जास्त अवघड होतो. ‘छडी लागे छमछम’ ऐकत वाढलेल्या पिढीला बापाच्या पट्ट्याला छळ म्हणायचं धाडस होत नाही. शिवाय ‘श्यामची आई’ सगळ्यांनी वाचलेलं असतं. तिथेही आई पोहायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीने फोडून काढते, मग आमच्याच वेळी एवढं काय? मुलाला मारावं असं माझं मुळीच म्हणणं नाही, पण त्या प्रकरणातही नंतर काय होतं ते वाचा. त्या वळांचं आईला वाईट वाटतं आणि ते श्यामला कळतं. मूल रडू शकतं, रुसू शकतं, मार कशासाठी बसला ते त्याला माहीत असतं. तुमच्या घरी मार केव्हा बसेल याचा अंदाज यायचा का? रडलं तर आणखी बसायचा का? दुसऱ्या दिवशी काही घडलंच नाही असं सगळे वागायचे का? छळ ओळखायला मी हे विचारते. छडी किती जाड होती ते विचारत नाही.

स्मरणाबद्दल थोडं सावध करते. आत्मकथनात पाच वर्षांच्या मुलाचे संवाद शब्दन् शब्द असतात. ते लेखकाने रचलेले असतात, आठवणींच्या आधाराने, आणि त्यात गैर काही नाही. तुमची आठवण धूसर आहे, तुकड्यातुकड्यांत आहे, म्हणून ती खोटी ठरत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. पुस्तक वाचून ‘माझ्याही बाबतीत असंच काहीतरी झालं असेल आणि मी विसरले असेन’ म्हणत आठवणी उकरायला बसू नका. १९८० मध्ये कॅनडातल्या एका मनोविकारतज्ज्ञाने आपल्या रुग्ण बाईबरोबर ‘मिशेल रिमेंबर्स’ नावाचं पुस्तक काढलं. उपचारांत ‘परत आलेल्या’ आठवणींतून सैतानपूजकांच्या पंथाने केलेले छळ त्यात वर्णन केले होते. त्यांना आधार देणारं काहीही कधी सापडलं नाही. पण त्या पुस्तकाने अमेरिकेत जी भीती पसरायला मदत केली, तिच्यातून पुढे पाळणाघरांवर खटले उभे राहिले. कॅलिफोर्नियातला सगळ्यात गाजलेला खटला १९८३ मधल्या तक्रारीपासून १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. सूचनेतून आठवण तयार होऊ शकते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ च्या प्रयोगात दाखवलं. लहानपणी दुकानात हरवल्याची खोटी गोष्ट सांगितल्यावर सुमारे चौथा हिस्सा लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार ‘आठवली’. तेव्हा जे आहे तेवढंच धरा. जे नाही त्याच्या मागे लागू नका, आणि संमोहनाने ते काढून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

मराठीत काय वाचावं, हाही प्रश्न येतोच. आपल्या आत्मकथनांत गरिबी, जात, भूक यांबद्दल जे लिहिलं गेलं ते थोर आहे, आणि त्यात मुलांचे हाल भरपूर आहेत. किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ च्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये तमाशात नाचणाऱ्या आईच्या मुलाचं बालपण आहे आणि तो डॉक्टर होईपर्यंतचा प्रवास आहे. पण घराच्या आत, नात्यातल्या माणसाकडून झालेला लैंगिक अत्याचार मराठीत थेट क्वचितच लिहिला गेला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’मध्ये तो आहे, आणि सांगितल्यावर काय होईल या भीतीने मूल कसं गप्प बसतं तेही आहे. इंग्रजी चालत असेल तर पिंकी विराणी यांचं २००० मधलं ‘बिटर चॉकलेट’. ते आत्मकथन नाही, पण लेखिका स्वतःच्या बालपणीच्या अनुभवापासून सुरुवात करते आणि मग भारतातल्या घरांकडे वळते. ते सलग वाचू नका, लागेल ते प्रकरण वाचा. कुठलंही पुस्तक विकत घेण्याआधी शेवटचा तिसरा हिस्सा उघडून पाहा. सुटकेनंतरच्या आयुष्याला लेखकाने जागा दिली असेल तर घ्या. सुटकेच्या पानावरच पुस्तक संपत असेल तर सध्या राहू द्या.

शेवटांबद्दल माझी एक तक्रार आहे. अमेरिकन आत्मकथनं पुष्कळदा घर सोडण्यावर संपतात. टॅरा वेस्टओव्हर यांच्या २०१८ च्या ‘एज्युकेटेड’मध्ये आयडाहोच्या डोंगरातली मुलगी केंब्रिजपर्यंत पोचते आणि आईवडिलांपासून तुटते. जेनेट मॅकर्डी यांच्या २०२२ च्या पुस्तकाचं नावच आहे ‘आय अ‍ॅम ग्लॅड माय मॉम डाइड’. माफी मागितलीही नाही आणि दिलीही नाही, असा तो शेवट मला प्रामाणिक वाटतो. पण माझ्यासमोर बसलेल्या बाईपुढचा प्रश्न निराळा असतो. तो काका दरवर्षी गौरी-गणपतीला येतो, त्याच्या पाया पडायचं असतं आणि त्याच्या पानात तिनेच वाढायचं असतं. आई म्हणते, ‘आता तो म्हातारा झाला, जाऊ दे.’ यावर त्या पुस्तकांत उत्तर सापडणार नाही, आणि ‘तोडून टाक’ असं मीही सरसकट सांगत नाही. आम्ही बारीकसारीक गोष्टी ठरवतो: मुक्काम करायचा नाही, मुलांना त्याच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, पाया पडायची वेळ आली की स्वयंपाकघरात काम काढायचं, घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवायचं. काहींनी दोन वर्षांनी जाणंच बंद केलं, काही अजून जातात. दोन्ही चालतं.

झोप उडालेली असताना आणखी पुस्तकं का मागवली, याची मला दिसणारी कारणं दोन. एक साधं आहे: जे कधी कुणाशी बोलता आलं नाही ते दुसऱ्या कुणीतरी नावासकट लिहिलेलं सापडलं, की त्याची तहान लागते. ही तहान चांगली. दुसरं कारण असं, की तीच भीती पुन्हा पुन्हा अंगावर घेऊन यावेळी तरी आपण ती पेलतो का, हे मन आजमावत असतं. वाचताना शरीर भलतीच प्रतिक्रिया देतं आणि त्याची घोर लाज वाटते, असंही काही जण फार उशिरा, मान खाली घालून सांगतात. ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. त्याचा अर्थ आवड नाही आणि संमती तर नाहीच. या दोन कारणांतलं तुमचं कुठलं, हे ओळखायचं कसं? वाचून झाल्यावर कुणाशी बोलावंसं वाटतं, बालपणातल्या एखाद्या गोष्टीची संगती लागते, तर वाचन कामी येतंय. वाचून झाल्यावर फक्त पुढचं, आणखी भयानक पुस्तक हवंसं वाटतं, तर महिनाभर थांबा. मागवलेली दोन पुस्तकं मैत्रिणीकडे ठेवायला द्या.

नवऱ्याचं म्हणणं सरळ उडवून लावू नका. ‘उकरू नको’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बायको रात्रभर जागी असते या काळजीने म्हणत असतो, आणि थोडं या भीतीने की आपल्याला काहीतरी असं ऐकावं लागेल ज्यावर काय करायचं ते आपल्याला ठाऊक नाही. पुस्तक इथे फार उपयोगी पडतं. माझ्या माहितीतल्या काहींनी स्वतःच्या तोंडून सांगण्याऐवजी पुस्तकातल्या दोन-तीन पानांवर पेन्सिलीने रेघ मारली आणि ते नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या हाती दिलं: ‘एवढंच वाच. यातलं काही माझ्याही बाबतीत झालंय. आत्ता प्रश्न विचारू नको.’ निवडलेली पानं अत्याचाराची नसावीत, नंतरच्या वर्षांची असावीत. झालं काय याचा तपशील नवऱ्याला लागत नाही. मागून कुणी हात लावला की तुम्ही का दचकता, हे त्याला कळलं तरी पुष्कळ.

स्वतः लिहावं का, असं पुढे मनात येईलच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्याबरोबर त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत आजारपणासाठीच्या त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ते सगळे साधे विद्यार्थी होते, बालपणीच्या छळातून आलेले निवडलेले लोक नव्हते, हे ध्यानात ठेवा. झोप नीट लागत नसेल तोवर लिहायला बसू नका. लागायला लागली की वहीत लिहा, फोनवर नको, आणि पहिल्यांदा त्या चांगल्या माणसाबद्दल लिहा, त्या काकूंबद्दल किंवा बाईंबद्दल.

एक गोष्ट पुस्तकाच्या बाहेरची. वाचता वाचता तुमच्या लक्षात आलं की आज, आत्ता, ओळखीतल्या एखाद्या मुलावर अत्याचार होतोय, तर तो विषय वाचनाचा राहत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायला हवं. मुलगा असो वा मुलगी, कायदा एकच. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. नातेवाईक आहे, इज्जतीचा प्रश्न आहे, ही कारणं तिथे चालत नाहीत.

तुमच्यासाठी: दोन आठवडे पुस्तक पूर्ण बंद ठेवूनही झोप परत आली नाही, दिवसा प्रसंग डोळ्यांपुढे येऊ लागले, कामात चुका व्हायला लागल्या, तर उपचार घ्या. जीव नकोसा झाल्यासारखं वाटलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच वेळी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. सेवा सरकारी आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नेहमीच्या उपचारासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का तेही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केलेल्या दोन पद्धती म्हणजे आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारा उपचार). समोरच्याला ही नावं ठाऊक नसतील तर दुसरीकडे जा. फी किती, भेटी किती, हे पहिल्याच फोनवर विचारायला संकोच करू नका.

पहिल्या भेटीत सगळं सांगावं लागत नाही. ते पुस्तक हवं तर सोबत न्या आणि ‘इथपर्यंत वाचलं, पुढे वाचवलं नाही’ एवढं म्हणा. पहिल्याच भेटीत कुणी तुम्हाला त्या माणसाला माफ करायला सांगितलं, किंवा घटनेचा तपशील खोदून विचारायला लागलं, तर उठून बाहेर या. दुसरी भेट दुसऱ्या कुणाकडे घ्या.